पहिल्या पंधरा मिनिटांत

देवासला माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी एका घराच्या वरच्या मजल्यावर लॅपटॉप जाड पुस्तकांच्या चळतीवर ठेवला होता, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं होतं. थोडा वेळ मिक्सर लावायचा नाही, असं आईला बजावून झालं होतं. खुर्चीत बसलेली मुलगी संख्याशास्त्रात एम. एस्सी. झालेली. इंदूरच्या एका कंपनीत डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी तिची मुलाखत त्याच आठवड्यात होती. पडद्यावर पुण्याहून तिचा मामेभाऊ होता. तो याच क्षेत्रात नोकरी करतो आणि सराव म्हणून तिची मुलाखत घेत होता.

"स्वतःबद्दल सांग," तो इंग्रजीत म्हणाला.

तिने सुरुवात केली. नाव, गाव, वडिलांची नोकरी, दहावी-बारावीचे टक्के, कॉलेज, आणि मग 'हार्ड वर्किंग', 'क्विक लर्नर', 'टीम प्लेअर'. कुठेही अडखळली नाही.

"पाठ झकास झालंय," दादा मराठीवर आला. "पण हे सगळं मी तुझ्या रेझ्युमेत वाचलंय. एखादा आकडा बघून 'इथे काहीतरी गडबड आहे' असं तुला शेवटचं कधी वाटलं, ते सांग."

ती गप्प झाली. मग जरा वेळाने म्हणाली, "बाबांनी मंडीत सोयाबीन विकलं तेव्हा. त्यांना मिळालेला भाव आणि त्याच दिवशी साइटवर दाखवलेला भाव, दोघांत बराच फरक होता. मी मग मागचे सगळे भाव उतरवून घेतले."

"अगं, मग हे कुठेय रेझ्युमेत?"

रेझ्युमेत ते नव्हतं. तिथे टायटॅनिक होतं.

या अंकासाठी संपादकांनी 'उंबरठा' हा विषय दिला, तेव्हा मला देवास आणि धार ही दोन गावं आठवली. दोन्ही पवारांची संस्थानं, दोन्हीकडे पिढ्यानपिढ्या राहिलेली मराठी घरं, आणि दोन्हींच्या मधोमध इंदूर, जिथे गेल्या काही वर्षांत आकड्यांच्या नोकऱ्यांचं मोठं दार उघडलंय. ते दार ठोठावणाऱ्या मुलांचं पहिल्या काही मिनिटांत नेमकं काय होतं, ते पाहायला मी गेलो. मुलाखती अजून चालू आहेत, म्हणून नावं नकोत असं सगळ्यांनीच सांगितलं. या लेखात ती नाहीत.

ओळखीची नोकरी, आकड्याची नोकरी

देवासची गोष्ट मराठी वाचकांना थोडीफार ठाऊक असते. एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन भावांच्या वंशजांचे दोन दरबार आणि दोन दफ्तरं. इथे नोकरी मिळायची ती ओळखीने आणि शब्दाने. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस झाले. त्यामागे कोणतीही परीक्षा नव्हती. महाराजांचे जुने शिक्षक माल्कम डार्लिंग यांच्यामुळे फॉर्स्टर आधी एकदा देवासला येऊन गेले होते, आणि त्या भेटीत जमलेला स्नेह पुरेसा ठरला. पुढे थोरल्या पातीच्या तिजोरीची अवस्था इतकी बिघडली की १९३३ मध्ये महाराज देवास सोडून पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. माणूस लोभस होता, असं फॉर्स्टर यांनी लिहून ठेवलंय. पण जमाखर्चाला लोभसपणाचा उपयोग होत नाही.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं मध्य भारतात विलीन झाली आणि मराठी घरांतली मुलं शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या यांत गेली. देवासला १९७० च्या दशकात बँक नोट प्रेस आला. किर्लोस्करांचे पंप, गिअर, चामडं, औषधं असे कारखाने उभे राहिले. धार जिल्ह्यात पीथमपूर वाढलं. तिथे ट्रक, टायर आणि औषधं बनतात. वाहनं तपासण्याचा 'नॅट्रॅक्स'चा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान ट्रॅकही तिथेच आहे. त्याचं उद्घाटन २०२१ मध्ये झालं. या ट्रॅकवर धावणाऱ्या प्रत्येक गाडीमागे आकड्यांचा ढीग निघतो. वेग, तापमान, ब्रेक, कंपन, सगळंच मोजलं जातं. ते आकडे वाचणारी माणसं लागतात.

इंदुरात शिकायची सोयही आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयात 'स्कूल ऑफ डेटा सायन्स अँड फोरकास्टिंग' हा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी इंदूर आणि आयआयएम इंदूर मिळून डेटा सायन्स आणि व्यवस्थापनाचा संयुक्त अभ्यासक्रम चालवतात. भंवरकुआंच्या चौकात उभं राहिलं, तर स्पर्धा परीक्षांच्या फलकांशेजारी पॉवर बीआय आणि पायथनचे फलक दिसतात. देवासहून सकाळी बसने किंवा गाडीने तासाभरात इंदूर गाठता येतं. धारहून साठ-एक किलोमीटर पडतात आणि धारकरांना पिढ्यानपिढ्या बसचाच आधार आहे.

शिकणं झालं, सर्टिफिकेटं झाली. अडतं ते मुलाखतीत, आणि तेही बहुधा सुरुवातीलाच.

एक दशांश सेकंद आणि त्यापुढचं

'पहिली छाप' म्हटलं की क्लासवाले कपडे, हस्तांदोलन आणि हसू यांवर येतात. त्याला थोडा आधारही आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच वेळ दाखवले. तेवढ्यात लोकांनी माणूस भरवशाचा आहे का, कर्तबगार आहे का, याचं मत बनवलं. जास्त वेळ दिला, तेव्हा मत फारसं बदललं नाही. ठामपणा मात्र वाढला.

हा प्रयोग ऐकून मुलं घाबरतात. पण तो चेहऱ्यांच्या फोटोंवरचा आहे, मुलाखतींवरचा नाही. मुलाखतींचा अभ्यासही झालाय. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी सहाशेहून अधिक मुलाखतींत, घेणाऱ्याचा निर्णय कधी झाला, ते विचारलं. साधारण पाच टक्के निर्णय पहिल्या मिनिटात झाले होते. पाच मिनिटांपर्यंत ते चौथाईवर गेले, पंधरा मिनिटांपर्यंत साठ टक्क्यांवर. उरलेले त्यानंतर.

हेच आकडे दोन तऱ्हांनी सांगता येतात. 'साठ टक्के निर्णय पहिल्या पंधरा मिनिटांतच होतात' असं म्हटलं की धसका बसतो. 'पहिल्या मिनिटात शंभरातले पंचाण्णव निर्णय झालेलेच नसतात' असं म्हटलं की धीर येतो. दोन्ही विधानं खरी आहेत. डेटाच्या नोकरीला जाणाऱ्याने तरी दोन्ही वाचून घ्यावीत. माझा अर्थ असा: शर्टाची इस्त्री पहिल्या मिनिटापुरती. पहिल्या पंधरा मिनिटांत उमेदवाराने जे विचारलं आणि जे उलगडून सांगितलं, त्यावर बाजी लागते. डेटाच्या मुलाखतीत ही पंधरा मिनिटं साधारणपणे दोन गोष्टींत जातात, 'स्वतःबद्दल सांगा' आणि 'तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा'. म्हणून प्रोजेक्टपाशी जरा थांबतो.

मंडीतला मोडल भाव

नवशिक्यांच्या रेझ्युमेत तीच ती प्रोजेक्टं असतात. टायटॅनिकच्या प्रवाशांची ८९१ ओळींची यादी असते. आयरिस फुलांच्या १५० नोंदी असतात, ज्या रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये आपल्या निबंधात वापरल्या होत्या. एखाद्या काल्पनिक सुपरस्टोअरची विक्री असते. शिकायला ती चांगलीच आहेत. पण मुलाखत घेणाऱ्याने ती शेकडो वेळा ऐकलेली असतात, आणि उत्तरं इंटरनेटवर तयार आहेत. त्या आकड्यांमागचा एकही माणूस उमेदवाराने पाहिलेला नसतो.

देवासच्या मुलीकडे होतं ते वेगळंच होतं. मामेभावाने तिला ते नीट मांडायला लावलं, तेव्हा मी शेजारी बसून ऐकलं.

मंडीत रोज येणाऱ्या मालाची आवक आणि भाव 'आग्मार्कनेट' या सरकारी संकेतस्थळावर चढतात. प्रत्येक दिवशी, प्रत्येक मंडीसाठी तीन भाव असतात: किमान, कमाल आणि मोडल. मोडल भाव म्हणजे ज्या भावाने सर्वांत जास्त माल विकला गेला तो. शाळेत आपण त्याला बहुलक म्हणतो. तिच्या वडिलांना मिळालेला भाव मोडलपेक्षा बराच कमी होता. तिची पहिली शंका अशी की व्यापाऱ्याने फसवलं. पण वडिलांची पावती पुन्हा पाहिली, तेव्हा कळलं की माल ओला होता. सोयाबीनच्या खरेदीत ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा ही अट असते. पाऊस लांबला की काढणीनंतरचा माल त्यात बसत नाही आणि भाव तुटतो. संकेतस्थळावरच्या आकड्यात ओलाव्याचा रकानाच नाही. म्हणजे एकाच दिवशीचे किमान आणि कमाल भाव हे कदाचित दोन निराळ्या प्रतीच्या मालाचे भाव आहेत. तिने हे सांगितल्यावर मामेभाऊ पहिल्यांदाच पुढे वाकून ऐकू लागला.

"मग सरासरी का नाही काढलीस?"

"कारण ढीगभर ओला माल आला की सरासरी खाली जाते. मला ठरावीक प्रतीच्या मालाचा भाव हवा होता. तो या आकड्यांत थेट मिळत नाही. म्हणून मी मोडल घेतला आणि तोही अपुरा आहे असं खाली लिहिलं."

'तोही अपुरा आहे' हे तिचे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. आपल्या आकड्याची मर्यादा स्वतःहून सांगणारा फ्रेशर मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहतो, असं इंदूरमध्ये मुलाखती घेणाऱ्या एका बाईंनीही मला नंतर सांगितलं.

या विषयाला आणखी एक पदर आहे आणि तो माळव्याचाच आहे. मध्य प्रदेश सरकारने २०१७ च्या खरिपात 'भावांतर भुगतान योजना' आणली. माल सरकारने घ्यायचा नाही, शेतकऱ्याने तो मंडीत विकायचा आणि हमीभाव व बाजारातला ठरावीक दर यांतला फरक सरकारने खात्यात भरायचा. तो 'ठरावीक दर' काढण्यासाठी मंड्यांच्या मोडल भावांची सरासरी वापरली. म्हणजे तिच्या पडद्यावरच्या त्याच रकान्यावर लाखो शेतकऱ्यांचे पैसे ठरत होते. योजना सुरू होताच व्यापाऱ्यांनी भाव पाडले, अशी तक्रार शेतकऱ्यांनी तेव्हाच केली. २०२५ मध्ये सोयाबीनसाठी ही योजना पुन्हा आली. त्या वर्षी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता.

मामेभावाने विचारलं, "भाव योजनेमुळे पडले की एकूणच बाजार पडला होता, हे कसं ओळखशील?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लातूर बघीन. तिथेही सोयाबीनच आहे, पण ही योजना नव्हती. त्याच आठवड्यांत देवासचा भाव किती पडला आणि लातूरचा किती, त्यातला फरक."

तिला याचं पुस्तकी नाव ठाऊक होतं, पण तिने ते नंतर सांगितलं. आधी लातूर सांगितलं. क्रम असाच हवा. नाव आधी घेतलं की पाठांतराचा वास येतो. गाव आणि कारण आधी सांगितलं की समोरच्याला विचार दिसतो.

हे लिहिताना पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची आठवण येते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ पुढे रोममध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेचे सांख्यिकी प्रमुख झाले. त्याआधी १९४० च्या दशकात त्यांनी भारतात पिकांचा उतारा अंदाजाने न ठरवता, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष कापणी करून ठरवण्याच्या पद्धती उभ्या केल्या. आकडा कुठून आला, कोणी मोजला, कोणतं शेत निवडलं, हेच प्रश्न त्यांच्या कामाच्या मुळाशी होते. देवासच्या त्या खोलीतही तेच प्रश्न विचारले जात होते.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न

दुसरी फेरी बहुतेक ठिकाणी एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेची असते. पडद्यावर दोन तक्ते देतात, एक ग्राहकांचा आणि एक ऑर्डरींचा. प्रश्न साधा वाटतो: आजवर एकही ऑर्डर न देणाऱ्या ग्राहकांची यादी काढा.

घाईने लिहिणारा उमेदवार 'नॉट इन' वापरतो. ऑर्डरींच्या तक्त्यात ज्यांचा क्रमांक नाही ते सगळे ग्राहक, असं. आता त्या तक्त्यात एखाद्या ऑर्डरीपुढे ग्राहक क्रमांकाचा रकाना रिकामा असेल, म्हणजे 'नल' असेल, तर उत्तरात एकही नाव येत नाही. कारण नल म्हणजे शून्य नव्हे, नल म्हणजे 'माहीत नाही'. ज्या यादीत एक क्रमांक माहीत नाही, त्या यादीत अमुक ग्राहक नक्की नाही, असं डेटाबेस सांगू शकत नाही. तो क्रमांक त्याचाच असू शकतो. म्हणून तो कोणाचंच नाव देत नाही. 'लेफ्ट जॉइन' करून उजवीकडे काहीच न सापडलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, की ही अडचण येत नाही.

हे ज्ञान महिनाभरात मिळवता येतं. त्यापेक्षा सवय अवघड. पीथमपूरजवळ राहणारा, धारचा एक मुलगा मला भेटला. त्याने हा प्रश्न आल्यावर लिहायला सुरुवातच केली नाही. आधी दोन गोष्टी विचारल्या. ग्राहक क्रमांक रिकामा असलेल्या ऑर्डरी आहेत का? आणि रद्द झालेली ऑर्डर 'दिली' म्हणून धरायची का? मुलाखत घेणारे लगेच मोकळे झाले आणि पुढचा वेळ ते दोघं काम करणाऱ्या सहकाऱ्यांसारखे बोलले, असं तो सांगत होता. त्याच्या दृष्टीने मुलाखत तिथेच पालटली.

अंदाजाचे प्रश्नही असेच. देवास शहरात रोज किती कप चहा विकला जातो? २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ८९ हजार होती. तिथून किती वाढ धरायची, किती लोक बाहेर चहा पितात, कारखान्यांच्या पाळ्यांवर आणि बसस्टँडवर बाहेरगावचे किती येतात, असं पायऱ्यापायऱ्यांनी जायचं असतं. शेवटचा आकडा कुणी तपासत नाही. मधली गृहीतकं मोठ्याने बोलावी लागतात, आणि आपल्या मुलांना नेमकं हेच जमत नाही. घरात आणि शाळेत उत्तर झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असंच शिकवलेलं असतं.

तिसऱ्या पाळीचा दोष

धारच्या त्या मुलाची गोष्ट थोडी पुढे सांगायला हवी. तो वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात कंत्राटी कामाला होता. रोज नाकारलेल्या भागांची संख्या पाळीनुसार एक्सेलमध्ये भरायची, हे काम. तिसऱ्या पाळीत नाकारलेले भाग कायम जास्त दिसायचे आणि रात्रपाळीच्या कामगारांना बोलणी बसायची. या मुलाने स्वतः रात्री थांबून पाहिलं. दुसऱ्या पाळीत शेवटी तयार झालेले भाग तपासायला तिसऱ्या पाळीपर्यंत पडून राहत होते, आणि तपासणी ज्या पाळीत झाली, त्या पाळीच्या नावावर दोष लागत होता. त्याने नोंदवहीत 'केव्हा बनला' आणि 'केव्हा तपासला' असे दोन रकाने करायला लावले. रात्रपाळीच्या नावावरचा बराचसा दोष तिथून हलला.

एवढं मोठं काम. आणि रेझ्युमेत काय होतं? 'एमएस एक्सेल, डेटा एंट्री'. ते इतकं साधं होतं की लिहिण्यासारखं वाटलं नाही, असं तो म्हणाला. त्याच्या खोलीत बसून आम्ही ते चार ओळींत लिहिलं: प्रश्न काय होता, आकडा कुठून येत होता, चूक कुठे होती, काय बदललं. या चार ओळी त्याने पुढच्या मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाला उत्तर म्हणून वापरल्या.

पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत, मंड्यांत, किराणा दुकानांत अशी किती मुलं असतील, ज्यांनी आकड्यांच्या आतली चूक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय? त्यांना हे काम 'डेटा'चं वाटत नाही, कारण त्याला सर्टिफिकेट मिळालेलं नसतं. काही क्लासवाले तर खोटा अनुभव लिहायला शिकवतात. मला याचा राग येतो. खऱ्या अनुभवाचा मुलगा खोटा अनुभव पाठ करतो आणि तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. कॅमेऱ्यासमोर शेजारच्या पडद्यावरचं एआयने लिहिलेलं उत्तर वाचणंही तसंच. डोळे एकाच रेषेत डावीकडून उजवीकडे फिरतात, ते समोर दिसतं.

तीन भाषांतली जीभ

घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, मुलाखतीत इंग्रजी. माळव्यातल्या मराठी मुलाची ही रोजची तारांबळ आहे. 'भिया' म्हणत मित्रांशी मोकळं बोलणारा मुलगा इंग्रजीत आला की आक्रसतो. वाक्य बरोबर आहे ना, यात त्याची निम्मी शक्ती जाते आणि आकड्याकडे लक्ष राहत नाही.

इंदूरच्या त्या मुलाखतकार बाईंनी मला त्यांची पद्धत सांगितली. पहिली पाच मिनिटं त्या इंग्रजीत बोलतात, कारण पुढे परदेशी ग्राहकांशी बोलावं लागतं. पण गणिती विचार सुरू झाला की हिंदीत बोललं तरी चालेल, असं त्या स्वतः सांगतात. ते ऐकताच काही मुलं एकदम उलगडतात, असा त्यांचा अनुभव. उमेदवारानेही विचारायला हरकत नाही. 'आकडेमोड मोठ्याने करताना मी हिंदीत बोलू का?' हे एक वाक्य नम्रपणे विचारलं, तर बहुतेक जण हो म्हणतात. आणि इंग्रजीसाठी पाठांतराऐवजी एक करावं. आपलं एकच प्रोजेक्ट रोज वेगळ्या माणसाला, वेगळ्या शब्दांत सांगावं. आजीला मराठीत, मित्राला हिंदीत, मग कॅमेऱ्यासमोर इंग्रजीत. गोष्ट तीच राहिली की भाषा हळूहळू तिच्या मागे येते.

कपड्यांविषयी फार लिहिण्यासारखं नाही. स्वच्छ, साधा, फिक्या रंगाचा शर्ट किंवा कुर्ता पुरतो. व्हिडिओवर उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसावं, खिडकी पाठीमागे नको. वीज आणि नेट यांचा भरवसा नसेल तर मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवावं, आणि कॉल तुटलाच तर काय करायचं, हे आधीच विचारून घ्यावं. वेळेआधी पाच मिनिटं लिंक उघडावी. एवढं पाळलं की पुरे.

टेबलाच्या पलीकडे

आतापर्यंत सगळं उमेदवाराला सांगितलं. पण पहिली छाप दोघांमध्ये पडते आणि घेणाऱ्याची जबाबदारी जास्त आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्वांना तेच प्रश्न, तीच गुण देण्याची पद्धत अशी आखीव मुलाखत ही गप्पांसारख्या मोकळ्या मुलाखतीपेक्षा पुढचं काम जास्त चांगलं सांगते, असं त्यांना आढळलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. अनेक पद्धतींचं महत्त्व त्यांच्या हिशेबात कमी झालं, पण आखीव मुलाखत यादीत सर्वांत वर राहिली.

याचा धार-देवासशी थेट संबंध आहे. मोकळ्या गप्पांत घेणाऱ्याला आपल्यासारखा माणूस आवडतो. एकाच कॉलेजचा, एकाच उच्चाराचा, त्याच सिनेमांवर हसणारा. पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या खोलीत बसलेल्या माणसाला धारच्या बसमधून उतरलेल्या मुलात ते सापडत नाही. प्रत्येकाला तोच तक्ता, तोच प्रश्न, तेवढाच वेळ दिला आणि गुण लगेच लिहिले, तर त्या मुलाचे दोन प्रश्न, रिकाम्या रकान्याविषयीचा आणि रद्द ऑर्डरीविषयीचा, वहीत उतरतात. नाहीतर उच्चारच लक्षात राहतो. देवासात कधीकाळी राजाच्या स्नेहावर नोकऱ्या मिळत होत्या. आजच्या कंपनीतला 'कल्चर फिट' अनेकदा त्याचाच नवा अवतार असतो, आणि आकड्यांचं काम करणाऱ्या कंपन्यांनी तरी आपली निवड आकड्यांनी तपासावी. मागच्या दोन वर्षांत ज्यांना घेतलं, त्यांचे मुलाखतीतले गुण आणि आजचं काम यांचा काही संबंध दिसतो का? हा तक्ता मांडायला अर्धा दिवस लागतो.

देवासच्या मुलीची पहिली फेरी पार पडली. तिने टायटॅनिक काढून सोयाबीन लिहिलं आणि मुलाखतीतला बराच वेळ ओलाव्याच्या रकान्यावर गेला, असं तिने फोनवर सांगितलं. लेख छापायला जाईपर्यंत दुसऱ्या फेरीचा निकाल आलेला नव्हता. धारचा मुलगा अजून अर्ज करतोय.

पुण्यात, इंदूरमध्ये, बेंगळुरूमध्ये डेटाच्या कामात असलेल्या मराठी वाचकांना एक विनंती आहे. दिवाळीला गावी जाल, किंवा जुन्या नात्यांतले फोन येतील, तेव्हा धार, देवास, उज्जैन, बऱ्हाणपूर अशा गावांतल्या एखाद्या मुलाची किंवा मुलीची तासभर सराव-मुलाखत घ्या. गुण वाढवायला मदत नको, शिफारसही नको. 'कोणता आकडा बघून तुला शंका आली?' हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.